बोळातला तंदूर

६ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इनोबत-ओपा, राग आला की बोलू नका, लिहून काढा. रक्तदाब उतरेल." पोरगी माझ्या मोहिराच्याच वयाची, आणि ताई म्हणून मलाच उपदेश करते. तिला काय ठाऊक, मी रोज लिहायला बसले तर कोकंदच्या बाजारात वह्या पुरायच्या नाहीत. पण ह्यांनी येताना मुद्दाम वही आणली आणि उशाशी ठेवली. तेवढंच तुझ्या तोंडाला कुलूप, असं म्हणाले नाहीत, पण मनात होतं.

तर आजचा राग. शेजारची सनोबर आपल्या आवाराचे तीन तुकडे करतेय. तीन मुलगे, तीन तुकडे. रस्त्याकडचा थोरल्याला, जुनं घर रीतीप्रमाणे धाकट्याला, आणि मागचा, जर्दाळूची झाडं आहेत तो, मधल्या सर्दोरला. मागच्या तुकड्याला रस्ता नाही. म्हणून त्याचं फाटक निघणार आमच्या बोळात. बोळ दोन्ही घरांचा आहे, पुढे बंद आहे, आणि माझी सही असल्याशिवाय तिथे फाटक काय, खिळासुद्धा ठोकता येत नाही. हे मोहल्ल्याच्या कचेरीतून आजच समजलं. ऐकून बरं वाटलं.

लोकांचे मुलगे मॉस्कोला जातात, कोरियाला जातात. हिचे तिन्ही हिच्या पदराखाली राहणार. सकाळी चहाला एक हाक मारली की तीन दारं उघडतील. नवरा गेल्यापासून अख्खा मोहल्ला हिच्यासाठी हळहळतो. मला एकच मुलगी. मी गाद्या-रजया शिवून लोकांच्या मुली सासरी पाठवते आणि एक दिवस आपलीही पाठवीन, कुठल्यातरी परक्या गावात. मग बसा दोघं एकमेकांची तोंडं बघत.

९ मार्च
आली. हिरव्या पाल्याचे सामसे घेऊन आली, या मोसमातले पहिले. गरम होते. आवरण इतकं पातळ की मला आयुष्यात जमलं नाही. दोन खाल्ले आणि तिसऱ्याला नको म्हटलं.

"इनोबत-ओपा, एक सही हवी होती."

"बघू."

"सर्दोरचं एकदा मार्गी लागलं की मी सुटले."

"बघू म्हटलं ना, सनोबर."

मग ही बाई मोहिराकडे वळून विचारते, "बाळ, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या अंगाला हवी? सकाळचं ऊन यावं की संध्याकाळचं?" मोहिरा म्हणाली, "सकाळचं." आणि लाजून आत गेली. आता यात लाजण्यासारखं काय आहे? माझी पोर बालवाडीत शिकवते, हिच्याकडे गवंडीकाम करत नाही. घर हिचं, सून हिची, खिडकी माझ्या पोरीने सांगायची. कमाल आहे.

१४ मार्च
ओसरीवरचा दिवा गेला होता. ह्यांनी सर्दोरला बोलावलं, तो विजेची कामं करतो. एवढ्याशा दिव्याला अर्धी दुपार लावली त्याने. मोहिरा शिडी धरून उभी. मी दोनदा म्हटलं, शिडी भिंतीला टेकलेली आहे, पडत नाही, तू आत ये. पैसे घेतले नाहीत. घेईल कशाला, सहीचं आमिष आहे. असल्या कामचुकाराला जर्दाळूची झाडं मिळणार.

थोरली सून लोला बोळात झाडत होती. तिला बोलतं केलं. ती पोटात काही ठेवत नाही, आणि सासूबद्दल तर नाहीच. म्हणाली, "सासूबाईंनी मुलगी हेरून ठेवलीय. पण स्वतंत्र घर असल्याशिवाय मागायला तोंड नाही म्हणतात. मुलीची आई फार कडक आहे म्हणे, नाकावर माशी बसू देत नाही."

"कुठली?"

"ते नाही सांगायचं," म्हणाली आणि झाडूवर हनुवटी टेकून हसली.

असेल कुणीतरी नाकाने कांदे सोलणारी. फर्गान्याची असणार, तिथल्या बायकांना फार मिजास. मागणी घातली नाही अजून, आणि तिच्या भीतीने इथे जमिनी कापायला लागले. माझ्या मोहिराला मागायला आले होते त्यांच्यातल्या एकाने तरी वीट लावली का? आले, चहा प्यायले, "मुलगी आमच्यातच राहील" म्हणाले आणि मेजावरची मिठाई संपवून गेले.

२ एप्रिल
मोहल्ल्याची बैठक. मी नवा रेशमी अद्रसचा झगा घालून गेले. सनोबर आपली तीच राखाडी शाल घेऊन, म्हणजे बघणाऱ्याला आधी तिचीच दया यावी.

मी सगळं नीट मांडलं. पाटाचं पाणी आताच पुरत नाही, तीन चुली झाल्या तर माझ्या टोमॅटोला काय उरणार? बोळात तिसऱ्या घराची पोरं, तिसऱ्या घराची गाडी. आणि एकदा तुकडे पडले की पुढे तुकड्यांचे तुकडे, मग हा मोहल्ला राहणार नाही, कबुतरखाना होईल. दोन-चार बायकांनी माना डोलावल्या.

एर्गश-ओता आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. दाढी कुरवाळत म्हणाले, "घर घेऊ नये, शेजार घ्यावा, असं आपले जुने लोक सांगून गेलेत. इनोबत, तू शेजार विकायला काढलास की काय?"

सगळे हसले. मी म्हटलं, "ओता, तुकडे ती पाडतेय. मी नुसती बसलेय आपल्या जागी."

त्यांनी उन्हाळ्यापर्यंत विचार कर म्हणून सांगितलं. सही नाही तर फाटक नाही. घरी आल्यावर हे दाराशी म्हणाले, "टोमॅटो तर गेल्या वर्षीपण जळले होते." ह्यांना काय, बस चालवायची आणि घरी येऊन झोपायचं.

७ एप्रिल
काल सुचलं आणि रात्रभर खुशीत झोप लागली. उन्हाळ्यात पुन्हा सगळे मिळून माझ्या मागे लागणार, ओता रडवेला आवाज काढणार, आणि माझा नवरा मऊ माणूस, म्हणेल कर सही. त्याआधीच बोळात अशी गोष्ट उभी केली पाहिजे की जिला कुणी हात लावणार नाही.

तंदूर. भिंत पाडता येते, कोठी पाडता येते. ज्या तंदूरची नान लोकांनी खाल्ली तो पाडायला कोकंदमध्ये माईचा लाल पुढे येणार नाही. आज बाजारातून घेऊन आले, लोकर घातलेल्या मातीचा, मोठ्या पोटाचा. बरोब्बर जिथे फाटक निघायचं तिथे बसवला. तंदूरला सही कोण विचारतो? बैठक मी माझ्या हाताने लिंपली. ह्यांनी विचारलं, "घरात आहे की एक?" म्हटलं, "त्याला ओढ नाही, धूर कोंडतो." गल्लीतही हेच सांगितलं. खरं तर उत्तम ओढ आहे.

१२ एप्रिल
पहिला घाणा. नान अशा फुगल्या, अशा लाल आल्या की माझंच मन भरून आलं. गल्लीत घरोघर वाटल्या. सगळ्यांनी घेतल्या, डोळ्यांना लावल्या, खाल्ल्या. आता बोला.

सनोबरकडे मी स्वतः गेले. ती सगळं समजून चुकली. मूर्ख नाही ती. नान हातात धरून क्षणभर उभी राहिली. मला वाटलं परत करते की काय. पण नान कोण परत करतो? तुकडा मोडला, डोळ्यांना लावला, खाल्ला. "छान भाजलीय, ओपा," म्हणाली. एवढंच. तिने भांडावं अशी माझी इच्छा होती. भांडण झालं असतं तर जेवण गोड लागलं असतं.

मोहिराने एक घास घेतला नाही. म्हणे पोट दुखतंय. दुपारी घरातल्या जुन्या तंदूरची कालची शिळी नान खाताना पाहिली मी तिला.

२० मे
तुती पिकल्यात. सनोबरने यंदा टोपली पाठवली नाही. नकोच आहेत. आमच्याही झाडाला आहेत, थोड्या किडक्या आहेत एवढंच.

अंदिजानचं स्थळ आलं होतं. चौथ्या मजल्यावर घर, मुलगा बँकेत. मोहिरा म्हणाली, नाही. का नाही? नाही म्हणजे नाही. आणि ढसाढसा रडली. मी म्हटलं, तुला हवंय तरी काय, राजवाडा? म्हणाली, "मला काही नको, ओयी, तुम्ही मला फक्त विचारू नका." वाळली आहे. बालवाडीतून येते ती खोलीत जाते.

मला त्या दुसऱ्या मुलीचाच राग येतो, त्या फर्गानेवालीचा. तिच्यासाठी इथे एक बाई दारोदार फिरतेय, सह्या मागतेय, सकाळच्या उन्हाची खिडकी काढतेय. तिला असं काय सोनं लागलंय? माझी मोहिरा उभी करा तिच्याशेजारी. केस बघा, बोलणं बघा. पण हिच्यासाठी कुणी एक झाड राखून ठेवलं नाही. खुदाने वाटणी करताना आमच्या घराकडे पाठ केली होती बहुतेक. रक्तदाब उतरायचं काही लक्षण नाही.

५ जून
लोला सांगून गेली की सर्दोर कोरियाला जायची खटपट करतोय. भाषेच्या वर्गाला नाव घातलं. जाऊ दे. सगळ्यांचे जातात. सनोबरलाही कळू दे, रिकामी खोली झाडणं म्हणजे काय ते.

हे मी जेवताना बोलले. मोहिरा ताटावरून उठून गेली. ह्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "इनोबत, तुला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?"

मी म्हटलं, "कोडी घालू नका, पुलाव वाढू का शोरबा ते सांगा." शोरबाच होता. ते उठून बसकडे गेले.

१८ जून
हे सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी दारात दोघी. सनोबर आणि एर्गश-ओतांची बायको, रिसोलत-आजी. म्हटलं आल्या सहीसाठी, म्हातारीला पुढे घालून. तोंड घट्ट करून दस्तरखान अंथरला. चहा दिला, वाटी अर्धीच भरून, मानाच्या पाहुण्याला देतात तशी. पण दोघी वर सरकेनात, उंबऱ्याजवळच बसल्या. मनात आलं, उंबऱ्याशी कशाला बसतात, मागणी घालायला आल्यासारख्या.

आजी म्हणाली, "इनोबत, आम्ही तुझ्या दारी उंबरा झिजवायला आलोय. तुझ्याकडे पाखरू आहे, आमच्याकडे घरटं बांधणारा आहे."

मला कळायला वेळ लागला. खरंच लागला. मी म्हटलं, "कुठला घरटं बांधणारा?"

"सर्दोर, अजून कोण," आजी म्हणाली. "गल्लीतल्या मांजरांना ठाऊक आहे, तुला सांगायला पाहिजे होय?"

आनंद झाला, खोटं कशाला लिहू. मोहिरा भिंतीपलीकडे. अंदिजान नाही, चौथा मजला नाही. पण मुलीच्या आईने पहिल्या भेटीत हसायचं नसतं. जे विचारायचं असतं ते माझ्या तोंडून आपोआप निघालं. प्रत्येक आई विचारते तेच.

"मुलीला ठेवणार कुठे?"

सनोबरने वाटी खाली ठेवली. आवाज चढवला नाही तिने.

"लोलाच्या स्वयंपाकघरामागे एक खोली आहे, ओपा. खिडकी नाही. चूल दोघींत एक. घर बांधणार होते मी तिच्यासाठी. कुणाला मागायचं ते सहा वर्षांपूर्वीच ठरवलं होतं, पण घर नसताना तुमच्याकडे यायची माझी छाती नव्हती. आता तिथे तंदूर आहे."

रिसोलत-आजी मिठाई चघळत राहिली.

"मी आले नसते," सनोबर म्हणाली, "पण पोरगा म्हणाला, जायच्या आधी एकदा विचार. खोली तर खोली."

मी म्हटलं, "विचार करून सांगू." तेच म्हणायचं असतं. त्या गेल्यावर मी मेजावरचं काही न आवरता तशीच बसून राहिले.

नाकाने कांदे सोलणारी. फर्गान्याची म्हणे.

१९ जून
मोहिराला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तोंड नाही फुटलं?"

"मुलीने आईला सांगायचं असतं का, ओयी? तुम्हीच शिकवलंत, नाही सांगायचं म्हणून." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, जमीन लाटायला माझ्या पोरीला पुढे केलं."

म्हटलं असतंच. त्या क्षणी मला तिचा राग आला, कारण ती मला इतकं ओळखते.

"खोलीत राहीन मी," म्हणाली. "मला चालेल."

तुला चालेल. मला चालेल का? माझी मुलगी, लोलाच्या हाताखाली, लोलाची भांडी वाळेपर्यंत चुलीसाठी थांबणार? ती लोला झाडूवर हनुवटी टेकून हसणार? मरेन पण हे होऊ देणार नाही.

सही तर आत्ता करते. पण तंदूरचं काय? दुपारी मशिदीतल्या दोमलांकडे गेले. म्हटलं, समजा एखाद्या बाईने चुकीच्या जागी तंदूर बसवला. ते म्हणाले, "कुठली बाई ते विचारत नाही." मग म्हणाले, "ज्या हाताने बसवला त्याच हाताने काढायचा. आणि ज्यांनी पहिली नान खाल्ली त्यांना शेवटची द्यायची, घरोघर जाऊन, त्यांची परवानगी मागायची. माती कचऱ्यात टाकायची नाही."

घरोघर म्हणजे ज्यांच्या ज्यांच्यापुढे मी टोमॅटोचं भाषण केलं त्या सगळ्यांच्या घरी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२४ जून
आज फिरले. मोहिराने कणीक मळून दिली, पहिल्यांदा त्या तंदूरपाशी आली.

कोपऱ्यावरची सालिमा म्हणाली, "का हो ओपा, ओढ नाही का यालाही?" न्हाव्याची बायको म्हणाली, "आणि पाटाचं पाणी? पुरणार का आता?" म्हटलं, पुरेल. "बरं झालं बाई, मला टोमॅटोची काळजी लागली होती." लोलाच्या माहेरची एक म्हातारी आली होती, तिला तर मी ओळखतही नाही, तीपण म्हणाली, "असं असतं, मुलीची आई मऊ होते." सगळ्यांनी नान घेतली. परवानगी दिली. देताना प्रत्येकीने एक चिमटा काढला आणि मी हसत राहिले. गाल अजून दुखतायत.

शेवटी सनोबरचं घर. दारात उभी राहिले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी काय करतेय. दोन आया मिळून एक नान मोडतात तेव्हा लग्न ठरतं. आणि ती नान मुलाकडचे घेऊन येतात, दोनदा परत पाठवल्यावर. मुलीच्या आईने स्वतः नान काखोटीला मारून मुलाच्या दारी जावं, हे आमच्यात कधी घडलं नसेल. मागे वळले असते, पण सालिमा कोपऱ्यावरून बघत होती.

सनोबरनेही ओळखलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. "मोडू का, ओपा? की आणखी दोनदा येताय?"

"मोड," म्हटलं. "पाय दुखतात माझे."

दुसरी बाजू मी धरली.

२६ जून
तंदूर काढला. कुदळ मीच चालवली. ह्यांना जवळ येऊ दिलं नाही. माती भाजून दगड झालेली, पहिल्या घावाला नुसता ओरखडा उठला. थोड्या वेळाने सनोबर घमेलं घेऊन आली आणि तुकडे भरायला लागली. म्हणाली, नव्या घराच्या पायाभरणीत घालू. मी म्हटलं, घाल.

दमून दोघी भिंतीला टेकून बसलो. मला राहवलं नाही. विचारलं, "तुला लोकांच्या इतक्या मुली दिसल्या, माझीच का? मी तर तुला कधी सरळ उत्तर दिलं नाही."

ती म्हणाली, "गच्चीवर कपडे वाळत घालताना तुमचं अंगण दिसतं. शुक्रवारी तुम्ही केस धुऊन बसता आणि मोहिरा मागे बसून विंचरते. तुम्ही तिला ओरडत असता, हळू ओढ म्हणून. तीन पोरं आहेत माझी, ओपा, एकाला तरी माझ्या वेणीचं भान आहे? मी इतकी वर्षं तुमचा हेवा केलाय. कपडे वाळत घालून झाले तरी खाली उतरायचे नाही."

माझा कुणी हेवा करत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. थोडा गर्व वाटला, आणि लगेच लाजही. मी बोळ राखत बसले होते. तिला बोळ नकोच होता मुळी.

सहीचा कागद सायंकाळी कचेरीत दिला. शिपायाने विचारलं, "टोमॅटो?" त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

१४ नोव्हेंबर
लग्नाला सहा आठवडे झाले. वही हातात घ्यायला सवड नव्हती. चाळीस गाद्या-रजया गेल्या मोहिराबरोबर, सगळ्या माझ्या हातच्या, आणि त्या बोळातल्या फाटकातून गेल्या. फाटक निळं आहे, सर्दोरने कोरियाचा वर्ग सोडून स्वतः रंगवलं. खिडकी पूर्वेला. लोलाच्या घरापेक्षा छप्पर वीतभर उंच झालंय, हे मी मोजून घेतलं.

मोहिरा रोज येते. चहा पिते, उठते. "जाते, ओयी, तिकडे कणीक भिजवलीय." तिकडे. भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू येतं. इथे कधी इतकी हसत नव्हती. अंदिजानला गेली असती तर निदान ऐकू तरी आलं नसतं.

आज शुक्रवार. केस धुऊन अंगणात बसले, वाट पाहिली. ती आली नाही. ऊन जायला लागलं तशी मी कपड्यांचं घमेलं घेऊन आमच्या गच्चीवर चढले. कपडे म्हणजे दोन रुमाल होते. सनोबर नव्या ओसरीवर डोळे मिटून बसली होती, आणि माझी मुलगी तिच्यामागे गुडघ्यांवर, तोंडात आकडे धरून, तिची करडी वेणी उलगडत होती. सनोबर तिला हळू ओढ म्हणतही नव्हती.

मला तिचा इतका हेवा वाटला की वाळत घातलेले रुमाल काढून पुन्हा वाळत घातले. खाली आले. ह्यांनी विचारलं, रुमाल वाळले का. मी फणी घेतली आणि माझे केस मीच विंचरले.